मिल रस्त्यावरचं गोट्यांचं घर

पोर्टलंड, ४ मे १९५८

ती. लोविनाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाबांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत तू चर्चपलीकडे कुठे गेली नाहीस, हे वाचून माझीच मला लाज वाटली. तरी आणखी एक काम सांगतेच. आईच्या शिवणाच्या डब्याच्या तळाशी एक फोटो सापडला. आई गोल दगडगोट्यांच्या घरासमोर उभी, कडेवर मी. मागे तिच्या अक्षरात ‘माझं घर’. आपलं तर लाकडी! फोटो सोबत पाठवते. बाबांना विचार, नाहीतर जमिनींच्या नोंदी असतात त्या कचेरीत शोध. तेवढंच तुला गावात जायला निमित्त.

जीव लावतेस तसाच लाव.
तुझी आगाऊ,
डेल्फीन

हॅरो कॉर्नर्स, १९ मे

चि. डेल्फीन हिस अ. आ.

निमित्त म्हणे! कचेरीत जायचं तर शेजारच्या ऑगडेनबाईंना तीन तास बाबांजवळ बसवावं लागलं. परतल्यावर बाबांनी घड्याळ दाखवून विचारलं, की कुणाबरोबर पळून चालली होतीस का. बेचाळिसाव्या वर्षी! मी म्हटलं, कुणी विचारलं तर आधी तुम्हाला कळवीन.

फोटोकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. असलं घर नव्हतंच म्हणाले.

पण होतं. १९०४च्या नकाशात मिल रस्त्यावर, ओढ्याच्या वळणाशी एक चौकोन आहे, त्यावर आईच्या फिलीनामावशीचं नाव. १९२१ साली मावशी वारली आणि मृत्युपत्राने घर एकट्या आईच्या नावावर झालं. पुढच्याच वर्षीच्या नोंदीत ‘मोकळी जागा’. कारकून म्हणाला, की आगीची नोंद नाही, विक्रीची नाही, बाई, घर असं हवेत कसं गेलं? मी तिथे जाऊन आले. चेरीची बाग आहे. आपलीच गं! दर जुलैत मी तिथे चेरी तोडते.

प्रकृतीला जप.
तुझी,
लोविना

हॅरो कॉर्नर्स, २ जून

चि. डेल्फीन हिस अ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते. हायरम टटल आठवतो ना, बाबांचा जुना गडी? चौऱ्याऐंशीचा झालाय. फोटो पाहून रडला. म्हणाला, की आई आपल्या दोघींना घेऊन त्या घरात राहायला निघाली होती, पलंगसुद्धा नेऊन टाकले होते. मग ती आठवडाभर आजारी बहिणीकडे गेली. तेवढ्यात बाबांनी घोडे नि साखळ्या लावून भिंती ओढून पाडल्या. हायरम स्वतः घोडे हाकत होता. सरोवराच्या काठावरून आणलेले, एका मापाचे निवडून ओळीत बसवलेले गोटे सगळे दलदलीत भरले आणि घराच्या जागी चेरीची झाडं लावली. आई परतली, ती जागा पाहिली आणि पुन्हा गाडीत बसून बाबांच्या घरी आली. त्यानंतर सव्वीस वर्षं जगली.

मी बाबांना विचारलं. अर्धं तोंड हलत नाही, पण शब्द स्पष्ट होते. म्हणाले, की ते घर होतं म्हणून तिला जायचं सुचलं, पाडलं तर राहिली की नाही? आणि मग म्हणाले, की तू तरी कुठे जाणार आहेस, सूप आण.

मी आणलं, डेल्फीन. नेहमीसारखं फुंकून गारही केलं. त्याचंच भय वाटतं.

लोविना

पोर्टलंड, ११ जून

ती. ताईस,
सा. न.

मी धीट म्हणून बाहेर पडले, असं वाटायचं मला. तू मागे राहिलीस म्हणून पडता आलं. शाळेला सुटी लागते आहे, पुढेही ऑक्टोबरपर्यंत रजा काढली. २६ला, गुरुवारी दुपारच्या गाडीने पोचते. बाबांचं मी बघेन. नाही म्हणायचं नाही, मोठी असलीस तरी.

डेल्फीन

गुरुवार सकाळ, स्वयंपाकघरातलं टेबल

डेल्फीन,

तू येईपर्यंत ऑगडेनबाई आहेत. औषध आठ आणि चार वाजता. घास डाव्या गालात दे, उजवीकडून सांडतो.

बाबांना सांगून निघाले. परत कधी येणार, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी चांगल्या हाताने माझी बाही धरली. पकड अजून घट्ट आहे, सांभाळ. मला एकेक बोट सोडवावं लागलं.

तुला भेटायला थांबले नाही. तू दिसलीस तर मी बॅग उघडून सामान परत कपाटात लावीन, एवढं मला ठाऊक आहे. पत्ता झाला की कळवीन. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

लोविना