शेवटचा ढीग

आत्या, तुझ्याबद्दल मी लोकांसमोर एक गोष्ट चुकीची सांगितली आहे. ती आधी दुरुस्त करते. आमच्या भागातल्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथे दिवाळीच्या आधी मला बोलायला उभं केलं होतं. वर्गातली सगळी मुलं आनंदानं एकत्र राहावीत, कुणी बाहेर पडू नये, यासाठी काय करावं हा विषय. मी म्हटलं, हे मला शाळेत जायच्या आधी घरातच शिकायला मिळालं. मी लहानपणी शाळेला फार घाबरायचे, म्हणून माझी पहिली-दुसरी आमच्या श्रीवर्धनकडच्या घराच्या पडवीतच झाली, आत्यापाशी. एकदा विहिरीजवळ उभ्या असलेल्या कातकऱ्याच्या मुलीला मी हाताला धरून पडवीत आणलं, तर आत्यानं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, शाब्बास, असंच सगळ्यांना बरोबर घ्यायचं. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. पण तू मला जवळ घेतलं नव्हतंस. शाब्बास हा शब्द तर तुझ्या तोंडून कुणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. तू मला पायरीवर बसवलं होतंस.

खरं काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते पुन्हा नीट बघायचं आहे. गावातल्या लग्नकार्यांना, पूजांना बिरडं लागायचं आणि त्यासाठी मोड आलेले वाल सोलून द्यायचं काम तुझ्याकडे यायचं. पडवीत चटया अंथरलेल्या, तुझ्यापाशी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलासमोर कोमट पाण्यातून काढलेल्या वालांचा एक ढीग, मध्ये मोठं पातेलं. चिमटीत धरून दाबला की दाणा सुळकन सालातून बाहेर येतो, बोटांची टोकं पाण्यानं सुरकुततात आणि त्यांना तो कडवट वास दिवसभर राहतो. हात चालू आणि तोंडानं पाढे. ज्याचा ढीग संपला त्यानं हात झटकून उठायचं नाही, शेजाऱ्याच्या ढिगात हात घालायचा. विचारायचं नाही, सांगायचं नाही. तुझं ठरलेलं वाक्य होतं, "शेवटचा ढीग सगळ्यांचा." त्या दिवशी मी त्या मुलीला ओढत आणलं आणि पडवीच्या मध्यभागी उभी राहून म्हटलं, "आत्या, हिला पण घे. मी हिला माझ्याशेजारी बसवते." शेजारच्या काकू उंबऱ्यात होत्या. त्या म्हणाल्या, "बघा तरी, एवढीशी पोर, पण मन केवढं!" मी तुझ्याकडे बघितलं. तू वालावरून नजर उचलली नाहीस. "तू कोण बसवणारी? पडवी तुझी हाय का?" मग हातानं दाखवलंस, "जा. पायरीवर बस. आज तू सोलायचं न्हाय." माझा हात सुटल्याबरोबर ती मुलगी पळाली, वाडीच्या कुंपणातून थेट बाहेर.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तू घावने घालत होतीस. मी रडून रडून डोळे सुजवले होते आणि तुझ्याकडे पाठ करून बसले होते. तू म्हणालीस, "तिचा हात कसा धरला होतास, दाखव." मी तुझं मनगट धरलं. "एवढाच? नीट धर." मी सगळा राग त्या मुठीत घातला. तू हात सोडवून बघितलास, पुन्हा ओढून बघितलास. मग म्हणालीस, "आता सांग बाय, मी आले का तू आणलंस?" तू तव्यावरचं घावन माझ्या ताटात टाकलंस. "रडत खाऊ नको, ठसका लागंल." एवढंच. त्यावर तू पुन्हा कधी बोलली नाहीस आणि मी पुष्कळ वर्षं मनात धरून बसले की आत्याला माया कमी आहे. मी नववीत असताना तू गेलीस, तेव्हाही रडताना मला ती पायरी आठवत होती.

पण दुसऱ्या दिवसापासून तू एक गोष्ट करू लागलीस. पडवीत एक चटई जास्तीची, आणि तिच्यासमोर इतरांएवढाच वालांचा ढीग. मुलं फिदीफिदी हसायची. "आत्या, भुताचा ढीग!" तू म्हणायचीस, "भूत असंल तर सोलंल. तू तुझे हात चालव." शेवटी तो ढीग तसाच उरायचा आणि सगळे मिळून तो सोलायचो. मग एका दुपारी साताचा पाढा चालू असताना ती आली आणि त्या चटईवर बसली. तू पाढा थांबवला नाहीस. तिच्याकडे बघितलंही नाहीस. तिला वाल सोलायची हातोटी नव्हती, ती नखानं साल खरवडत होती, तिचा ढीग काही हलेना. मग एकेकाचा संपला तसे हात तिच्या ढिगात आले, नेहमी येत तसे. मी पलीकडच्या टोकाला बसून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तू माझ्याकडे फक्त बघितलंस आणि मी तोंड मिटलं. सोललेले दाणे सगळे एकाच पातेल्यात. ज्यांच्या लग्नात ते बिरडं शिजलं त्यांना कुठला दाणा कुणाच्या बोटांनी सोलला ते कळलं नाही.

हे सगळं मला परिषदेत बोलताना आठवलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. पायरी आठवली होती. मी ती गाळली.

आता माझ्या वर्गाचं सांगते. मी रेवसच्या बाजूला खाडीकाठच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. बहुतेक मुलं कोळ्यांची आणि आगऱ्यांची, दोन घरं मुसलमानांची, आणि वरच्या टेकाडावरच्या कातकरवाडीतून येणारी एक मुलगी. ती बोलत कमी, पण वर्गात कुठली वस्तू कुठे आहे ते तिलाच ठाऊक असतं. तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. दर वर्षी तिला बरोबर न्यायचे. यंदा त्यांनी ठरवलं होतं, शाळेत रमली आहे तर तिला आजीजवळ ठेवायचं. मला याचा फार अभिमान वाटत होता. आता लिहिताना वाटतं, तो अभिमान तिचा कमी आणि माझा जास्त होता.

सुट्टी लागायच्या आधी मी वर्गात एक दिवस ठेवला. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं चाखायचं. बोंबलाची चटणी आली, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, सांदणं आली. तिनं डब्यात करांदे आणले होते, रानातले उकडलेले कंद. करांदे इथे सगळ्यांच्याच घरी खातात, पहिल्या थंडीत तर वाट बघून खातात. तरी त्या डब्यात कुणी हात घातला नाही. मी विचारलं तेव्हा एक मुलगा अगदी सरळ म्हणाला, "मॅडम, वाडीवरच्यांचा आमी न्हाय खात." त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. घरी ऐकलेलं तो पाढ्यासारखं म्हणत होता. मला मात्र कानशिलं तापल्यासारखं झालं. मी पुढे झाले, एक करांदा उचलला, सगळ्यांना दिसेल असा खाल्ला आणि म्हटलं, "वा! किती गोड! हिच्यासाठी जोरात टाळ्या!" टाळ्या झाल्या. मग मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला एकेक घ्यायला लावला, त्या मुलालाही. डबा रिकामा झाला. रिकाम्या डब्यासकट तिचा फोटो काढून मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. त्या फोटोमुळेच मला परिषदेत बोलायला सांगितलं.

शाळा सुटल्यावर मी गाडी काढत होते तेव्हा कुंपणापलीकडे ती वाकलेली दिसली. गटाराच्या कडेला करांदे पडले होते, बरेचसे दातही न लागलेले. ती एकेक उचलून फ्रॉकला पुसत होती आणि डब्यात परत ठेवत होती. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. सुट्टी लागेपर्यंत आली नाही. ज्या दिवसांत मी परिषदेत बोलले, त्याच दिवसांत तिच्या नावापुढे मीच गैरहजेरी लावत होते.

भाऊबीज झाल्यावर मी वाडीवर गेले. तिची आई अंगणात लाकडं बांधत होती. मुलगी घरामागे होती, तिच्या हालचालीचा आवाज येत होता, ती पुढे आली नाही. मी बसले, पाणी प्याले, बोलायचं पाठ करून आले होते ते सगळं विसरले. आईच म्हणाली, "बाई, टाल्या कशाला वाजवल्या वो? ती म्हंते, मी काय नाच केला का?"

मी म्हटलं, "मला वाटलं तिला बरं वाटेल."

"तुमाला वाटला." ती रागानं नव्हती बोलत. "आता म्हंते, मी पन भट्टीवर येते. आजीजवळ न्हाय रावत. तुलशीचा लगीन झाला का मुकादम गाडी आनतो. एकदा चढली का मंग पावसाशिवाय न्हाय परत."

घरामागे जावं, तिचं मनगट धरावं आणि तिला पुढे आणावं असं मला इतकं वाटलं की मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. तुझं मनगट तेव्हा आठवलं, आत्या. तव्यावरच्या घावनाचा वासही आला. आणि तोंडातून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. "सोमवारी शाळा उघडते," मी म्हटलं, "वर्गाला वाल सोलायचेत. हात कमी पडतील."

आई हसली. "वाल सोलाया शाला काढली काय आता?"

घरामागून आवाज आला. "किती वाल?"

"पातेलंभर," मी म्हटलं. येशील का, असं विचारलं नाही. उठले आणि उतरले.

शाळेत जेवण शिजवणाऱ्या काकूंच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "सोललेलं बिरडं तुमच्या लग्नात खाऊ, बाई! हितं सालासकटच गिळतात पोरं. एवढे सोलनार कोन?" मी म्हटलं, मुलं सोलतील, तुम्ही फक्त शिजवा. त्या म्हणाल्या, "मंग खोबरं मी घालीन माझ्या घरचं. पन वेलेवर द्या, न्हायतर जेवाला संध्याकाल व्हईल."

तेव्हापासून माझी झोप नीट नाही. हीसुद्धा एक युक्तीच नाही का, असं सारखं मनात येतं. तू जास्तीचा ढीग ठेवलास तेव्हा तुझ्या मनात काय होतं? तिनं यावं म्हणून ठेवलास, की ती आली नाही तरी तिची जागा असावी म्हणून? हे विचारायला हवं होतं आणि मी विचारलं नाही, कारण मी रुसले होते. आणि त्या मुलाचं काय? त्याला मी सगळ्यांदेखत खायला लावलं, तोही माझ्याच वर्गातला आहे. त्या दिवसापासून तो माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. त्याच्यासमोरही एक ढीग असेल, इतरांएवढाच. मी त्या दोघांना शेजारी बसवणार नाही, लांबही बसवणार नाही. चटया अंथरीन आणि ज्याला जिथे बसायचं तिथे बसू देईन. नियम एकच सांगीन, तुझा. तो मला पाळता येईल का याची भीती वाटते, कारण माझा हात लगेच फोनकडे जातो आणि तोंड लगेच शाब्बास म्हणतं. फोन मी खोलीवर ठेवून जाणार आहे. ती आली नाही तर तिचा ढीग शेवटी राहील आणि आम्ही सगळे मिळून तो सोलू, दुसऱ्या दिवशी काही दुसरं काम काढू आणि तिची चटई पुन्हा अंथरू. गाडी यायच्या आत जेवढ्या सकाळी मिळतील तेवढ्या. पुढच्या परिषदेत उभी राहून पायरीची गोष्टही सांगणार आहे, पण ती नंतर. आधी वाल.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी पाठवलं असतं की नाही, सांगता येत नाही, कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिली आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जो करांदा खाल्ला, त्याचा मी एकच घास खाल्ला होता. हे कुठल्या पाण्यात उकडलं असेल, असा विचार माझ्या मनात आला होता. तोंडानं किती गोड म्हणत होते आणि उरलेला रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकत होते. घरी येऊन तो मी फेकला. मुलांनी कुंपणापलीकडे फेकले, मी माझ्या दाराशी. ती मुलगी सगळं बघत असते. तो रुमाल पर्समध्ये जातानाही तिनं बघितला असेल.

आज शुक्रवार. वाल आणून ठेवले आहेत, कडवे, तू आणायचीस तसेच. उद्या सकाळी भिजत घालीन, रात्री उपसून फडक्यात बांधीन, परवा मोड येतील. सोमवारी सकाळी शाळा उघडेल, तेव्हा मी चटया अंथरीन, एकही कमी नाही.