बारा डिसेंबरला मी बागेत नव्हतो

अकोला,
दिनांक २६ फेब्रुवारी १९६२

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
संत्रा बाग पाहणी योजना,
अकोला.

विषय : माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली हे मान्य करण्याबाबत व मला सेवेतून कमी न करण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १७ फेब्रुवारी १९६२ चे ज्ञापन.

महोदय,

१. मी, देवमन नत्थुजी तायडे, बी.एस्सी., आपल्या योजनेत चौदा महिन्यांपासून अस्थायी पाहणी सहायक आहे. बागांत पायी फिरून संत्र्याची झाडे मोजणे व रोगट फांद्यांची नोंद घेणे हे माझे काम. हृदयाच्या शस्त्रक्रियेचे खोटे प्रमाणपत्र देऊन मी रजा मागितली, असा आरोप संदर्भीय ज्ञापनात आहे. पाच मार्चपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास मला कमी केले जाईल, असेही त्यात आहे. म्हणून हा अर्ज.

२. दि. १२ डिसेंबर रोजी मला मोर्शीस जायचे होते. तेथील तोडणी पुढे गेल्याचे कळल्यावरून मी वरूडला गेलो. पेट्या भरण्याच्या शेडमध्ये एक मजूर पेटीची लोखंडी पट्टी छिन्नीने तोडत होता. पट्टी किती घावांत तुटते हे पाहण्यासाठी मी वाकलो, तोच लोखंडाचा टवका उडून माझ्या छातीत डावीकडे लागला. दोष माझ्या वाकण्याचा आहे, मजुराचा नाही. रक्ताचे दोनच थेंब आले. पेट्या भरणाऱ्या केशरबाई म्हणाल्या, "काई नाई झालं बाबू, मुंगी चावल्यावानी दिसून राह्यलं. हयद लावा अन् कामाले लागा." मलाही हळद पुरेल असेच वाटले.

३. अर्ध्या तासाने धाप लागली. मी घड्याळ लावून नाडी मोजली, ती चौऱ्याऐंशी होती. डोमाजी नावाच्या चालकाने मला अमरावतीला निघालेल्या संत्र्याच्या ट्रकमध्ये घेतले. मोर्शीस ट्रक थांबला तेव्हा नाडी एकशे बारा झाली होती आणि श्वास आत घेतला की ती हाताला लागेनाशी होई. असे का व्हावे, याचा मी विचार करीत होतो. तिवसा फाट्याच्या पुढचे मला आठवत नाही.

४. अमरावतीच्या रुग्णालयात नागपूरहून आठवड्यातून एकदा येणारे शल्यचिकित्सक सुदैवाने त्याच दिवशी होते. टवका बरगडीजवळ असावा असे समजून त्यांनी छाती उघडली, म्हणून नोंदवहीत "छातीतील लोखंड काढणे" एवढेच आधी लिहिले गेले. आत पाहतात तो हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने तट्ट फुगलेली. ती उघडताच हृदयाला पडलेले भोक दिसले. त्यांनी त्यावर बोट दाबून धरले व रेशमाचे दोन टाके घातले. हे त्यांनी मला नवव्या दिवशी तापाच्या तक्त्यामागे आकृती काढून समजावले. मी बेशुद्ध असल्याने डोमाजीने माझ्या वतीने दिलेली संमतीही फक्त लोखंड काढण्याला होती. आपले हृदय कोणी हातात धरले होते हे नऊ दिवसांनी कळल्यावर मी काय विचारावे हे मला सुचले नाही, म्हणून मी धागा कोणत्या जाडीचा होता ते विचारले.

५. पुढचे दिवस कठीण गेले. छातीत नळी होती. एका बाटलीतले पाणी फुंकून दुसऱ्या बाटलीत न्यायचे, असा व्यायाम होता. पहिल्या दिवशी पाणी हललेही नाही. डावा हात खांद्यावर जात नव्हता. झोपेत हृदय थांबेल या भीतीने मी नाडीवर बोट ठेवून पडून राही. माझी आई पार्बताबाई गावाहून आली. दोनच टाके ऐकून तिने डॉक्टरांना विचारले, "सायेब, दोनात कसं भागलं? गोधडीलेबी याच्याहून जास्त लागतात." हसताना मला फार दुखले. नऊ जानेवारीस मला घरी सोडले. एप्रिलपासून कामास हरकत नाही, परंतु तोवर लांब चालू नये, असे प्रमाणपत्र आहे.

६. आता आरोपाचे मूळ. आपल्या कार्यालयात महिन्याची दौरा-दैनंदिनी एक तारखेलाच भरून तिच्यावर सही घेण्याची वहिवाट आहे. एक डिसेंबरला मीही सही केली. त्या दैनंदिनीनुसार बारा डिसेंबर रोजी मी मोर्शीच्या बागेत चार मैल चालून दोनशे दहा झाडे मोजली व पुढील अकरा दिवसही मोजतच राहिलो. हेडक्लार्क श्री. खुशालराव मला म्हणाले, "तायडेबाबू, इथं तुमी झाडं मोजून राह्यले अन् तिथं डाक्टर तुमचं कायीज शिवून राह्यला. एका मानसाचे दोन देह म्या कुठून आनू?" दैनंदिनी खोटी आहे. सही माझी आहे. विज्ञान शिकलेल्या माणसाने न केलेल्या मोजणीखाली सही केली, याची मला लाज वाटते.

७. योजनेच्या तपासणी डॉक्टरांनी मला तपासून "हृदय निरोगी, शस्त्रक्रियेचे कारण दिसत नाही" असा शेरा दिला. मी बरा झालो हाच माझ्याविरुद्ध पुरावा ठरला. काढलेला टवका मी बाटलीत घालून सादर केला, तो "कोणाच्याही छातीतील असू शकतो" म्हणून परत आला. उलट ज्ञापनाच्या शेवटी म्हटले आहे की, शस्त्रक्रिया सिद्ध झाल्यास मी दौऱ्याच्या कामास अपात्र ठरेन. म्हणजे झाली नसेल तर मी लबाड, आणि झाली असेल तर निकामी. मी कोणते सिद्ध करावे, हे कृपया कळवावे.

८. शनिवारी मला एक तयार निवेदन देण्यात आले : मला साधा ताप होता, शस्त्रक्रिया झालेली नाही. सही केल्यास प्रकरण मिटेल व सहा मार्चपासून तिवसा भागात पायी दौरा मिळेल. "मारा न सही बाबू, नोकरी तं राह्यते," असे श्री. खुशालराव म्हणाले. त्यांचा हेतू चांगला आहे. मला नोकरी हवी आहे. रविवारी तीन वेळा मी टाक उचलला. परंतु शल्यचिकित्सकांनी बजावले आहे की, पुढे कधीही ताप किंवा धाप आल्यास हृदय शिवलेले असल्याचे पहिल्यांदा सांगावे, नाही तर उपचार चुकेल. ते झालेच नाही असे मी लिहून दिले, तर पुढच्या डॉक्टरने कोणावर विश्वास ठेवावा?

तरी विनंती की, खोट्या दैनंदिनीबद्दल नियमाप्रमाणे शिक्षा मला द्यावी, शस्त्रक्रिया खरी मानावी आणि मार्चअखेरपर्यंत मला अकोल्यात बसून करण्याचे काम द्यावे. उद्यापासून पाच मार्चपर्यंत रोज अकरा वाजता मी कार्यालयाच्या व्हरांड्यात हजर राहीन. व्रण सात इंच लांब आहे. आपण स्वतः पाहू इच्छिल्यास मी सदरा काढीन. कोणी पाहत असले तरी माझी हरकत नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
देवमन नत्थुजी तायडे

सोबत :
(१) वैद्यकीय प्रमाणपत्र.
(२) तापाच्या तक्त्यामागील आकृतीची नक्कल.
(३) साधा ताप असल्याचे तयार निवेदन, सही न करता परत.