मरियम्मा रोज येते

प्रिय शमुवेलदादा,

तू जालन्याच्या चर्चमध्ये माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना घेतलीस. हार्ट अटॅकने गेले, असं मीच तुला फोनवर सांगितलं होतं. खरं म्हणजे प्रभाकरनी गळफास घेतला. हे पत्र मी टाकणार नाही. कळलं तर तू त्यांचं नाव प्रार्थनेतून काढशील.

इथल्या, कुकटपल्लीच्या चर्चमधल्या बायका दारातूनच वचन म्हणून परतल्या. थांबली फक्त मरियम्मा. आठ दिवस झाले, ती रोज पप्पू-भात, म्हणजे आपला वरण-भात, आणते, "तिनु अम्मा" म्हणत घास पुढे करते आणि माझं ताट रिकामं होईस्तोवर उठत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलानेही असाच गळफास घेतला होता. सांत्वनाला कुणाच्या घरी जायचं, ती यादी तेव्हा मी करायचे. तिचं घर मीच वगळलं. "असल्या मरणाला कसलं सांत्वन?" हे वाक्य तुझं, दादा, पण चारचौघींत म्हटलं मी.

काल न राहवून तिला विचारलं, तेव्हा तुझ्याकडे कोण आलं होतं?

माझं ताट उचलत ती म्हणाली, "कोई नै. इसीलिए मालूम, कित्ते दिन आना पडता."

तुझी धाकटी बहीण,
करुणा