मिठाचा डबा

४ ऑगस्ट १९९८

चि. सौ. रुता हिस तेबानोचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मागचं जहाज आलं आणि गेलं, तरी माझी अक्षरं जुळेनात. मिशनच्या शाळेत दोन बुकं शिकलेला माणूस मी, आणि लिहायचं ते सुनेला! तू कौराला कडेवर घेऊन तारावा बेटावर माहेरी गेलीस, तेव्हापासून सभाघरातल्या बायका म्हणतात की म्हाताऱ्याने मिठावरून सून घालवली. म्हणू देत. पण तुझा हात खारटच. चहासुद्धा खारट लागायचा.

आता माझं मी रांधतो. इरेला पेटून मिठाला हात लावला नाही, फळीकडे पाहिलंही नाही. तरी भात खारट! तू पातेलं नीट घासलं नसशील.

पाऊस नाही. चर्चची टाकी कोरडी पडली. नीरफणसाची पानं कडेने करपली. शेजारच्या इओसुआची दृष्ट, दुसरं काय. खड्ड्यातले बबाईचे कंद मात्र कौरासाठी राखले आहेत. माझ्या आजोबांच्या आजोबांनी तो खड्डा शिंपल्यांनी खणला, गोडं पाणी लागेपर्यंत. तिथल्या कंदांना कोणता पाला घालायचा हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यातला सर्वांत जाड कंद निघायला हवा, नाहीतर चारचौघांत मान वर करायला नको. तेव्हा दोघं या. जीभ आवरीन म्हणतो.

लोभ ताज्या नीरेसारखा असावा, आंबू देऊ नये.

तुझा मामंजी,
तेबानो


तारावा, २ सप्टेंबर

तीर्थरूप मामंजींना रुताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. मामंजी, निघताना रागाच्या भरात मिठाचा डबा मी माझ्याच पेटीत कोंबला होता. म्हटलं, खा आता अळणी! म्हणजे घरात मिठाचा कणही नाही. मग तुमच्या भाताला मीठ लावतं कोण? खारट हात मला सासऱ्याकडूनच मिळाला म्हणायचा.

कौरा धरून धरून उभा राहतो. अंगावरचं दूध सुटलं. आता वाटीने पाणी पितो, आणि वाटी हिसकावली की अगदी तुमच्यासारखा ओरडतो. यांचं नोकरीच्या जहाजावरून पत्र आलं, की वाढदिवस बाबांच्या अंगणातच करा. म्हणून जहाजाच्या पुढच्या फेरीला आम्ही चढतो. कंद उकरून ठेवा. डबा परत आणते.

माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची,
रुता


२० सप्टेंबर

चि. सौ. रुता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र किनाऱ्यावरच फोडलं. हसत घरी आलो आणि फळी पाहिली. डबा नाही, त्याच्या जागी गोल डाग तेवढा.

मग विहिरीवर गेलो. ओंजळभर पाणी तोंडात धरून ठेवलं. रोज थोडं थोडं खारं होत गेलं असावं. जिभेला कळलं नाही आणि मी तुला बोलत राहिलो. तिथून खड्ड्यात उतरलो. कौराच्या कंदात बोट घातलं तर लोण्यात शिरावं तसं शिरलं. कुजका वास आला. रुता, समुद्र दारावरून आला असता तर दिसला असता. हा खालून आला.

सभाघरात विचारलं, तुमच्याकडे पाणी कसं आहे. सगळे म्हणाले, झकास. इओसुआ म्हणाला, अरे तेबानो, सून गेल्यापासून तुझी जीभच नासली. सगळे हसले. पण त्याच्या दारात शहाळ्यांच्या सालींचा कमरेइतका ढीग आहे. प्रत्येकाच्याच दारात आहे. इतके दिवस मला वाटायचं, लोक चैन करतात. आणि आता शहाळीही मुठीएवढी उतरू लागली आहेत.

तेव्हा येऊ नका. वाटीने पाणी पिणाऱ्या लेकराला इथे काय पाजू? पण हे पत्र ज्या जहाजावर देतो आहे, तेच तुम्हाला घेऊन परतणार आहे. खलाशाला बजावलं, रुता चढण्याआधी तिच्या हातात दे. तो म्हणाला, हो हो आजोबा, आणि पत्र ठेवायचा खिसा मला दाखवून माडी प्यायला गेला. खिसा फाटका होता. मी सुई-दोरा घेऊन त्याच्या मागे गेलो आणि शिवून दिला. लोक हसले.

कोपऱ्यातला एक कोंब अजून घट्ट आहे. ओल्या केवड्याच्या पानात बांधून पत्रासोबत देतो. बादलीत लाव, पावसाचं पाणी घाल. पाला कोणता तोही आत ठेवला आहे; नावं लिहीत नाही, कागद कुणीही वाचतो. कौराला कळेल तेव्हा दाखव.

जहाज परतेल तेव्हा मी किनाऱ्यावर असेन. जहाजावरून उतारूंची होडी तुमच्याविना आली तर चारचौघांत नाचेन. पण तुम्ही तिच्यात नाही हे दिसेपर्यंत मला अन्न गोड लागणार नाही. जहाजाच्या आधी विमान आलं तर त्याच्याबरोबर दोन ओळी टाक. चढलो नाही, एवढंच लिही. लवकर लिही, पोरी.

तुझा,
तेबानो