लिफ्ट आली का?

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रात आधी कुशल विचारावं आणि मग कामाचं लिहावं, असं शाळेत सिस्टरांनी आपल्याला घोटून घोटून शिकवलं. आज मी तो नियम मोडते आहे, कारण मला दम धरवत नाही. ताई, खुर्ची पुन्हा जिना उतरणार!

सूनबाईचं पत्र आलं काल. येत्या चोवीस तारखेला रविवार आहे आणि तुझ्या भोंग्याचा वाढदिवसही. त्या दिवशी तुमच्या इमारतीतली पोरं तिसऱ्या मजल्यावरच्या, पाय अधू झालेल्या मास्तरांना पूर्वीसारखं खुर्चीत बसवून प्रार्थनाघरात नेणार आहेत. भोंगा गेला त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून मास्तरांनी उंबरा ओलांडलेला नाही म्हणे. पत्र वाचून मी एकटीच टाळ्या पिटल्या आणि हातातला चष्मा खाली पाडला. काच वाचली.

ती खुर्ची मूळची माझी, हे विसरू नकोस हं. माझ्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भोंग्याने गोड बोलून लांबवली, तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी नळ्या ठोकल्या, भंगारातल्या गाडीचे पट्टे लावले. जगाच्या लिफ्ट दुरुस्त करणारा आमचा भाचा आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्टच नाही, म्हणून मी त्याला किती चिडवायची! तो म्हणायचा, की आहे ना मावशी, मीच लिफ्ट. मास्तरसुद्धा रविवारी सकाळी दारातून ओरडून विचारायचे, लिफ्ट आली का? आणि हा खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, आली, दार सांभाळा!

आता मुद्द्याचं. खुर्ची तुझ्या खोलीत आहे. ती दे. आणि नुसती खुर्ची नको ताई, तूही चल. तो मास्तरांकडे तोंड करून उलट्या पावली जिना उतरायचा आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून, पायरी आली, वळण आलं, असं सांगत तू उतरायचीस. तो हात दुसऱ्या कुणाला जमेल का?

माझ्यावरचा लोभ आणि राग, दोन्ही नेहमीसारखे असू देत.
तुझी,
चिमणी

९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. साठी आली तरी तुझं उतावळेपण काही जात नाही. सूनबाई माझ्याच घरात राहते, रोज सकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवते, आणि मला कळायची गोष्ट मला तुझ्या गावावरून कळते! तिने मागे एकदा खुर्चीचा विषय काढला होता, मी नाही म्हणाले, त्यावर ती इस्पितळात कामाला निघून गेली. तेव्हापासून आमच्यात चहा गार झालाय का, एवढंच बोलणं होतं. चांगली मुलगी आहे ती. पण दोघींचंही माणूस एकच गेलं, तर कोणी कोणाची समजूत घालायची?

खुर्ची मी देणार नाही. मी रोज तिच्यात बसते, खिडकीपाशी. हसू नकोस. तुझ्या त्या पालखीत मी मेले तरी बसणार नाही असं मीच त्याला म्हणायची, ते मला आठवतं. उजव्या हाताखालची नळी त्याच्या पकडीने गुळगुळीत झाली आहे. तिथे हात ठेवला की दुपार सरते.

आणि प्रार्थनाघराचं नावही काढू नकोस. त्याचा तो विनोद तुला ठाऊकच आहे. वर उचलायचं काम देवाचं, माझं काम फक्त खाली आणायचं, असं तो मास्तरांना सांगायचा. देवाने त्याचं काम चोख केलं. भर रस्त्यात, कामावरून घरी येताना, धडधाकट पोराला उचललं. माझा देवाशी अबोला आहे. त्याच्या घरी मी जात नाही, आणि तोही काही बोलवायला आलेला नाही.

मात्र तू भोंग्याचं नाव काढलंस आणि कालपासून मला गायनवृंदाची तालीम आठवून हसू येतंय. त्याचा सूर कधी लागला नाही, आवाज मात्र सगळ्यांच्या वर. पाळकांनी शेवटी गोडीगुलाबीने त्याला मागच्या रांगेत उभं केलं, तर तिथे आवाज भिंतीवर आपटून दुप्पट झाला. त्याला वाटलं बढतीच मिळाली. घरी येऊन केवढा खूश होता!

पुरे. डोळ्यांतून पाणी आलं, हसून की कशाने ते कळेना.

चष्म्याला दोरी लाव. कळावे, रागावलेल्या ताईचा आशीर्वाद.

१८ फेब्रुवारी

ती. मावशींस,
सा. न.

मावशी, हे पत्र मी ड्युटीवर, औषधांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिते आहे. अक्षर गचाळ वाटलं तर माफ करा, पण घरी जाईपर्यंत मला थांबवेना.

आईंनी खुर्ची दिली नाही म्हणून पोरांनी कुठल्याशा ऑफिसातली जुनी खुर्ची आणून तिला दांडे बांधले. काल संध्याकाळी जिन्यावर तालीम होती. मास्तरांच्या जागी तळमजल्यावरच्या शिंप्याला बसवलं, कारण वजनाची खात्री करायची तर तोच हवा, असं सगळ्यांचं एकमत झालं. दोघांनी वरून धरलं, एकाने खालून. पण खालच्याने खुर्चीकडे पाठ केली आणि ओझं वाहतात तसा पुढे बघून चालायला लागला. शिंपीदादांना समोर नुसता खोल जिना दिसला. त्यांनी असा टाहो फोडला, की इमारतीतली सगळी दारं उघडली.

आमचंही उघडलं. आई बाहेर आल्या. वर्षभरात दूधवाल्यासाठीसुद्धा त्या दाराबाहेर आल्या नव्हत्या. कठड्यावरून वाकून त्यांनी पोरांना असं काही झाडलं म्हणता! अरे गाढवांनो, बसलेल्याला जिना दाखवतात का, त्याला माणसाचं तोंड दाखवायचं असतं, असं म्हणत त्या तशाच तरातरा उतरल्या. खालच्या पोराला खांद्याला धरून उलटा फिरवला. शिंप्याला म्हणाल्या, तू याच्या नाकाकडे बघ आणि तोंड मीट. मग उलट्या पावली एक मजला उतरवून घेतला. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला नाही, मावशी. नुसता धरला, दोन बोटांच्या अंतरावर.

नंतर त्या वर गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही एकमेकांकडे बघत उभे. शिंपीदादा अजून खुर्चीतच, पट्टा कुणी सोडेना. आणि मग दार पुन्हा उघडलं. आई पाठमोऱ्या बाहेर येत होत्या, खुर्ची ओढत!

रविवारी त्या येतील की नाही, ते मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. खालची बाजू मी धरणार आहे. इस्पितळात रोज माणसं उचलते, तेवढं मला झेपेल. तुम्ही प्रार्थना करा, माझ्या दंडांसाठी आणि त्यांच्यासाठी.

तुमची माया अशीच माझ्या वाट्याला यावी.
तुमची लाडकी सून

२५ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

घे, आता मीच कुशल न विचारता सुरुवात करते. काल मी गेले!

सकाळी ठरवलं होतं, की दारातूनच निरोप द्यायचा. सूनबाईने भोंग्याचा तो जाड पट्टा कमरेला बांधला, उचलताना कंबर धरू नये म्हणून तो बांधायचा ना, तो. तिला दोनदा गुंडाळावा लागला. माझ्याकडे न बघताच ती मास्तरांच्या मजल्याकडे जिना उतरू लागली. तिची एवढीशी पाठ बघितली आणि माझ्या मनात आलं, हिला कोण सांगणार पायरी आली म्हणून? मी चपला शोधत बसले नाही. स्वयंपाकघरातल्या सपाता होत्या पायात, त्याच घालून निघाले.

मास्तर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दाराआड बसले होते. आमची पावलं वाजली आणि आतून आवाज आला, लिफ्ट आली का?

चिमणे, सगळ्या पोरांनी सूनबाईकडे बघितलं. ती कमरेचा पट्टा आवळत राहिली. मास्तरांनी पुन्हा विचारलं, जरा हळू. आणि मला कुठून आवाज फुटला कोण जाणे, मी ओरडले, आली, दार सांभाळा! खाली शिंप्याच्या मशीनचा खडखड आवाज थांबला म्हणतात. भोंगा माझ्याच पोटचा, हे इमारतीला काल पटलं.

मग मास्तरांना बसवलं, पट्टा लावला. दोघा पोरांनी वरून उचललं, सूनबाईने खालून, त्यांच्याकडे तोंड करून. आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ थरथरत होती. पहिली पायरी मी सांगितली आणि तिने पाऊल टाकलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणी कोणाला सावरलं, ते सांगता येणार नाही. तुला मी विचारलं होतं ना, कोणी कोणाची समजूत घालायची? पाठमोरं उभं राहिलं की ते सोपं जातं बहुतेक.

मास्तर सबंध जिनाभर तिच्या तोंडाकडे बघत होते. खाली पोचल्यावर म्हणाले, नवी लिफ्ट बरी आहे, पण कुरकुरते फार. ते कुरकुरणं माझं होतं.

प्रार्थनाघरात मी शेवटच्या बाकावर बसले. मागच्या भिंतीपाशी. गाणं सुरू झालं तेव्हा भिंतीकडून दुप्पट आवाज येईल म्हणून मी वाट बघितली. नाही आला. मग मीच गायले. पाळकांनी मान वर करून बघितलं, आणि आमच्या घराण्याचा सूर ओळखला असावा, कारण ते हसले. देवाशी माझं भांडण मिटलेलं नाही, हे त्यालाही सांगून आले. पण अबोला सुटला.

खुर्ची आता मास्तरांच्या दाराशी ठेवली आहे, रविवारसाठी. माझ्या खिडकीपाशी जागा रिकामी झाली. आज सकाळी सूनबाईने तिथे दोन स्टुलं आणून ठेवली आणि दोन कप. चहा पार गार झाला, तरी आम्ही बोलतच होतो.

तू कधी येतेस? गुडघे दुखतात ही सबब चालणार नाही. आमच्याकडे लिफ्ट आहे.

जिना चढताना कठडा धर आणि आमच्यावरचा जीव सोडू नकोस.
तुझी,
ताई