दुधातलं वारं

आत्याबाई, तुमाले जाऊन बावीस वर्ष झाले, अन् तुमच्याशी बोलाची हिंमत मले आता आली. सासूबाई म्हनून तुमी समोर असत्या तं "हो आत्याबाई" याच्यापुढं माह्या तोंडून शब्द निंगत नोता. गावच्या शाळेत सातवीपर्यंतच शिकली मी, तवा अक्षर कसंबी असंल. तुमाले तसंबी वाचता येत नोतं, म्हनून तं मी एवढी मोकळी होऊन लिहून राह्यली. तुमचा लेक जाऊन सा वर्ष झाले. आता मी नालवाडीत माह्या लेकाजवळ राह्यते. तुमच्या नातवाले आता टक्कल पडून राह्यलं, अन् त्याले पोरगी झाली. सवा महिन्याची हाय. तिच्याच पायी हे लिहाले बसली.

रोज चार वाजले का पोट्टी पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, लालभडक होते अन् बोंबलते. पोट हाताले ढोलकीवानी लागते. सून मास्तरीण हाय, शाळेत चाळीस पोट्टे एका नजरेनं चूप करते, अन् घरी हे हातभर पोट्टी तिचं ऐकत नाई, याची मले पयले पयले जरा गंमतच वाटे. मंग तिनं वरण सोडलं, वांगं सोडलं, गोबी सोडली. नुसता भात अन् दूध खाऊन राह्यली. एक दिवस मी गवार मोडत बसलती तं मले पुसते, "आई, माह्या खान्यातूनच जाते का हो तिले काई?" मस्करी केल्याशिवाय मले अन्न पचत नाई. मी तुमच्यासारखं नाक फेंदारलं, तुमचाच आवाज काढला अन् म्हनलं, "बाई, तुह्या दुधातच वारं हाय." मले वाटलं हासंल. ते हासली नाई. उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी लेक ऑफिसातून येता येता पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आला. मी पुसलं, "हे कायले?" तं म्हने, "तिचं दूध पोरीले बाधते ना. तूच तं म्हनली."

डबा टेबलावर ठेवला त्यानं. मी त्या डब्याकडं पाह्यत राह्यली, अन् मले वडनेरच्या घरची ओसरी दिसाले लागली. हाच लेक तवा दोन महिन्याचा. शेजारच्या चार-पाच बाया बसल्या हायेत, लेकरू माह्या मांडीवर बोंबलून राह्यलं, अन् तुमी सुपात तूर पाखडता पाखडता, मान वर न करता म्हनता, "इच्या दुधातच वारं हाय." बस, तेवढंच. तुमी पुढची तूर सुपात घेतली. बायायनं मातर ते गावभर नेलं. विहिरीवर गेली का कोनीतरी पुसेच, "काऊन वो, आज वारं कसं हाय?" वीस वर्षाची होती मी. लेकराले छातीशी घेतलं का वाटे, आपुन याले दुखनंच पाजून राह्यलो. एक दिवस तं मी त्याले घेतलंच नाई, तोंड फिरवून बसली, अन् तुमाले वाटलं माह्या अंगात मस्ती हाय.

आता एक गोष्ट सांगते, ते तुमाले कधीच मालूम झाली नाई. तुमी माह्यं वरण बंद केलं, वांगं बंद केलं, ताटात भाकर अन् जिऱ्याचं तूप. अन् घरामागं वांगे असे लटकलेले का झाड वाकून राह्यलं. तुमी हिंगनघाटच्या बाजाराले गेलत्या त्या दिवशी मी एक मोठं वांगं तोडलं, चुलीत भाजलं, कांदा-मिरची कुस्करली अन् कवाडामागं उभ्यानं सारं खाल्लं. सालटं म्हशीले टाकले. म्हैस चहाडी करत नाई. त्या सांजी लेकरू एकदाबी रडलं नाई. तुमी आल्या, त्याले पाह्यलं अन् म्हनल्या, "पाय, वांगं बंद केलं तं कसं गुपचूप निजलं." मी म्हनलं, "हो आत्याबाई." पोटात एवढं हासू दाटलं का मलेच वारं धरलं. दुसऱ्या दिवशी मी नुसती भाकर-तूप खाल्लं, तं ते बोंबललं. तवा मले समजलं का वांग्याचा याच्याशी काई संबंध नाई. पन सांगू कोनाले? सांगतलं असतं तं चोरी उघडी पडली असती.

हेबी खरं का ते रडलं का तुमीच उचलत. तुमच्या डाव्या हातावर ते पालथं, डोकं कोपराशी, दोन्हीकडून पाय लोंबलेले, फांदीवर माकड निजते तसं. दुसरा हात पाठीवर. गोठ्यापासून न्हानीपर्यंत तुमी जात अन् येत, तोंडानं एक शब्द नाई. मंग खालून आवाज निंगे, अन् तुमी, ज्यायले मी कधी हासताना पाह्यलं नाई, न हासताच म्हनत, "गेली हिंगनघाटची यस्टी." घरात कोनी हासलं तं तुमी डोये वटारत.

तं डब्याचं सांगत होती. मी सुनेजवळ जाऊन बसली. म्हनलं, "डबा नको फोडू. मस्करी होती ते. तुह्या आजेसासूचा शब्द हाय, मलेबी लागलता." वांग्याचंबी सांगतलं. तिनं डोये पुसले अन् पुसलं, "सालटासकट खाल्लं का?" तवा समजलं, सून ऐकून राह्यली. मंग आमी सेवाग्रामले दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरनं पोट्टीचं वजन केलं, म्हनली, छान वाढून राह्यलं. मंग पाजताना पाह्यलं. म्हने, पोट्टी नुसतं टोक धरते, त्याच्यानं दुधासंग हवा गिळते. तोंड मोठं उघडू द्या, अंगाशी नीट धरा, पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, अन् तुमी सारं खा. "वरून काई द्याचं नाई, पानी नाई, घुटी नाई," हे म्हनताना तिनं माह्याकडं पाह्यलं. मी पिशवीतली ओव्याची पुडी अजून खाली दाबली. म्हनजे आत्याबाई, वारं होतं. दुधात नोतं, तोंडात होतं. तुमी बोटभरच चुकल्या, पन ते बोटभर मले चाळीस वर्ष पुरलं.

पोट्टी अजून रडते, नाई असं नाई, पन आधीसारखं नाई. सून काल भरीत खाऊन राह्यलती, अन् चार वाजता मी पोट्टीले डाव्या हातावर पालथी घेतली, बाल्कनीपासून किचनपर्यंत गेली, आली, पुन्हा गेली. खालून आवाज निंगाला. माह्या तोंडून आपोआप निंगालं, "गेली हिंगनघाटची यस्टी." सून इतकी हासली का तिले ठसका लागला. डबा तसाच हाय, फोडला नाई. हा कागद घडी करून त्याच्याच खाली ठेवून देते, तुमच्याकडं जाची यस्टी कोनती ते मले मालूम नाई.

काल ठसका थांबल्यावर सुनेनं पुसलं, "आई, हे असं धराचं अन् हे यस्टीचं, कोनाचं हो?" वाऱ्याचा शब्द तुमचा हाय म्हनून मी तिले आधीच सांगून बसलती. हे मातर माह्यं हाय म्हनलं.