मयताने बोलायचे नसते

मी, खाली सही करणारी, किल्ल्या बनवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेली विधवा, हे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा नाकावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दिराने दबाव आणून पाहिला, पण सध्या तो दाराबाहेर आहे आणि दाराचे कुलूप माझ्या हातचे आहे. हे मृत्युपत्र खरे आहे. सरावाचे नाही. इतकी स्पष्ट गोष्ट मुद्दाम का लिहावी लागली, हे पहिल्या कलमात वाचावे.

कलम १. खुलासा.

माझे यजमान वारले तेव्हा त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था लावायला एक तरुण अकाउंटंट घरी आला. प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र कोर्टात शाबीत करण्याचे, आणि मालमत्ता-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे त्याचे प्रमाणपत्र इतके ताजे होते की बोटाला शाई लागली असती. त्याने बूटही काढले नाहीत. पहिलेच वाक्य, "कपाटाच्या किल्ल्या कुठायत?" मी भिंतीकडे बोट दाखवले. भिंतभर किल्ल्याच टांगलेल्या होत्या. म्हटले, "घे, यातली कुठलीतरी लागेल." दुपारपर्यंत तो लावून बघत होता.

मग मी त्याच्या संस्थेत जाऊन प्रशिक्षण-प्रमुखांना फैलावर घेतले. त्यांना सगळे परिशिष्टकाका म्हणतात, कारण काहीही विचारले की ते सांगतात, "ते परिशिष्टात आहे." माझे सगळे ऐकून काका म्हणाले, "बाई, या पोरांनी मेलेल्या माणसाचं घर फक्त पुस्तकात पाहिलंय. तुमचं घर द्याल का प्रात्यक्षिकाला?"

मी दिले. तेव्हापासून त्यांची प्रत्येक तुकडी माझ्या घरी येते. मी खिडकीजवळच्या खुर्चीत गळ्यात 'मयत' असा पुठ्ठा अडकवून बसते आणि पोरे माझ्याभोवती फिरून माझ्या भांड्याकुंड्यांची यादी करतात. दीर वारस होतो. त्याला अभिनय करावा लागत नाही. धाकटी, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची विधवा, जी मागच्या खोलीत राहते, तिला उरलेले काम मिळते. कधी भाडेकरू, कधी मोलकरीण, कधी लांबची नातेवाईक. शेवटी कोण उत्तीर्ण, ते काका ठरवतात, आणि प्रशिक्षण कसे वाटले याच्या फॉर्मवर मी खुणा करते.

काकांचा नियम एकच, मयताने बोलायचे नाही. हा नियम मी एकदाही पाळला नाही. माझ्या यजमानांचा कोट 'जुना कपडा, किंमत शून्य' असा लिहिला गेला, तर मेलेले माणूससुद्धा उठून बसेल.

कलम २. आधीची मृत्युपत्रे.

काकांना सगळे हुबेहूब लागते. म्हणून दर तुकडीला नवे मृत्युपत्र करायचे, आणि तेही खऱ्या कागदावर, माझ्या खऱ्या सहीने, खऱ्या तारखेने, संस्थेतल्या दोन खऱ्या कारकुनांच्या साक्षीने. मजकूर काका सांगत. एका मृत्युपत्रात मी पुतण्याला बोट दिली आहे. माझ्याकडे बोट नाही. पुतण्याही नाही. घर मात्र प्रत्येक वेळी दिराला, कारण, काकांच्या शब्दांत, "एकच वारस धरला की पोरांना गणित सोपं जातं."

इतकी वर्षे कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मागच्या तुकडीत एक उंच, मानेत जराशी वाकलेली मुलगी होती. सारखी प्रश्न विचारायची, म्हणून पोरांनी तिचे नाव प्रश्नचिन्ह ठेवले होते. बाकीचे कपाटाभोवती गोळा झाले, तर ही सरळ मागच्या खोलीत गेली आणि धाकटीला म्हणाली, "काकू, या बाई गेल्यावर तुम्ही कुठं राहणार?"

धाकटी गोंधळली. "मला तसं काही सांगितलेलं नाही," म्हणाली. "मी आज मोलकरीण आहे."

मुलगी माझ्याकडे आली, कागद उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाली, "बाई, यावर सराव असं कुठंच लिहिलेलं नाही. तुम्ही आज रात्री खरंच गेलात, तर घर खरंच तुमच्या दिरांचं."

मी पुठ्ठा काढून ठेवला. काका ओरडले, "अहो, मयत उठलं कसं?"

त्या मुलीला काकांनी नापास केले. शेऱ्यात लिहिले, 'यादी अपूर्ण. विषयांतर. मयताशी संवाद साधला.'

आणि दीर? त्याच्या ते फार आधीच लक्षात आले होते. दर खेपेची एक प्रत तो घरी नेत होता, आठवण म्हणून. मुलीचे बोलणे त्याने ऐकले आणि पुढच्या रविवारी मोजपट्टी घेऊन हजर झाला. मागची खोली मोजू लागला. मी विचारले, तर म्हणाला, "सहज हो वहिनी. मापं घेतली म्हणून खोली झिजते का?" सगळ्यात वाईट हे की पट्टीचे दुसरे टोक धाकटीने धरले होते. "भावजी, भिंतीला टेकवून धरू ना?" असे विचारत होती. मला राग आला, पण तिचा नाही.

म्हणून हे कलम. माझ्या सहीने आजवर झालेली सर्व मृत्युपत्रे, बोटीसकट, मी या लेखाने रद्द करते. दिराकडे असलेल्या प्रती त्याने रद्दीत घालाव्यात. त्यांचे जे पैसे येतील ते मात्र त्याचे.

कलम ३. घर.

माझे राहते घर, पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि गळका नळ यांसह, मी धाकटीला पूर्ण मालकीहक्काने देते. तिच्या हयातीपुरते नव्हे, कायमचे. तिने ते विकावे, ठेवावे, नाहीतर कुत्र्याच्या नावे करावे.

कारण विचारणाऱ्यांसाठी लिहिते. ती या घरात आली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक होती, आणि 'दोन दिवस राहते' असे म्हणाली होती. यजमान गेल्यावर मी महिनाभर दुकान उघडले नाही. तेव्हा हिने कानस कशी धरायची तेही माहीत नसताना शटर उघडले, आणि गिऱ्हाइकांना सांगितले, "ताई जरा कामात आहेत." तिच्यावाचून माझे पान हलत नाही. हे मी तिला तोंडावर कधी म्हणणार नाही, कारण ती रडते आणि मग दूध उतू जाते.

कलम ४. दीर.

त्याला काहीच ठेवले नाही असे म्हणायला जागा नको. पुढच्या खोलीतले लोखंडी कपाट मी त्याला देते. त्यात काहीतरी घबाड आहे अशी त्याची जुनी समजूत आहे, आणि प्रत्येक प्रात्यक्षिकात त्याने पोरांकडून ते उघडवण्याचा प्रयत्न केला आहे. किल्ली देत नाही, कारण किल्ली नाही. कुलूपही कधीचेच निकामी आहे. दार जरा वर उचलून ओढले की उघडते. आत यजमानांचा तोच 'किंमत शून्य' कोट आहे, त्या शेऱ्यानंतर मी तो तिथे ठेवला. तो त्याच्या थोरल्या भावाचा आहे, त्याला बसेलही. घालावा. मला खरेच आवडेल.

कलम ५. किल्ल्यांचे यंत्र, कानशी, पकडी आणि भिंतीवरच्या किल्ल्या धाकटीकडे राहतील. ती अजून किल्ली थोडी जाड कापते. सुधारेल.

बँकेतल्या ठेवीतून आधी माझ्या शेवटाचा खर्च भागवावा. उरेल त्यातून संस्थेला एक नवी खुर्ची घेऊन द्यावी. आमच्या घरच्या खुर्चीची स्प्रिंग वर आली आहे, आणि पुढच्या मयतालाही पाठ असणारच. बाकी सगळे धाकटीला.

कलम ६. व्यवस्थापक.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी वर सांगितलेल्या प्रश्नचिन्ह मुलीला नेमते. तिला विचारले आहे. आधी म्हणाली, "पण बाई, मी नापास आहे." मी म्हटले, "माझ्या घरात पास झालेला एकही परत येणार नाही." मग तिने माझ्या देखत सतरा शंका काढल्या आणि कबूल झाली. या लेखाचा कच्चा मसुदा तिने तपासला आहे. 'कुत्र्याच्या नावे करावे' हे काढा म्हणत होती. मी काढले नाही. कामाचा मोबदला तिने ठेवीतून रीतसर घ्यावा, लाजू नये.

तिने घरात आल्यावर बूट काढावेत, बसावे, पाणी प्यावे, आणि धाकटी जेवली का ते विचारावे. यादी नंतर.

कलम ७. परिशिष्टकाका.

यांना या मृत्युपत्राची एक प्रत द्यावी. ती त्यांनी अभ्यासक्रमाला परिशिष्ट म्हणून जोडावी आणि एकदा स्वतः वाचावी.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचा या वर्षीचा फॉर्म मी कोराच ठेवला आहे. 'प्रशिक्षण उपयुक्त वाटले का?' याचे उत्तर प्रशिक्षणाच्या दिवशी देता येत नाही, माणूस मेल्यावर देता येते. तेव्हा तो फॉर्म धाकटीने भरावा. माझ्या पश्चात वर्षभराने ती याच घरात, दार आतून लावून, निवांत बसलेली असली तर 'उत्कृष्ट' वर खूण करावी. नसली, तर फॉर्म कोणत्या पत्त्यावर पाठवायचा हे काकांनीच शोधावे.

कलम ८. मी गेल्यावर मयताने बोलायचे नाही हा नियम मला नाइलाजाने पाळावा लागेल. म्हणून जे बोलायचे ते इथे बोलून घेतले.

धाकटीला यातले काही माहीत नाही. पुढच्या तुकडीची तयारी चालली आहे असे तिला वाटते. आत्ताच हात पुसत दारात येऊन विचारून गेली, "ताई, या खेपेला मी कोण व्हायचं?"

मी म्हटले, "घरमालकीण."

ती हसली. म्हणाली, "अगंबाई! मग मला काय बोलावं लागेल?"

मी म्हटले, "काही नाही. नुसतं बसायचं."

हे सर्व वाचून, समजून, मी राजीखुशीने सही केली आहे.

सही : (मयत नव्हे)

ठिकाण : स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : नऊ फेब्रुवारी दोन हजार चोवीस. अक्षरी लिहिला आहे, खाडाखोड करणाऱ्याला कष्ट पडावेत म्हणून.

आम्ही दोघे या बाईंनी आमच्या समोर सही केल्याचे पाहिले, आणि बाईंच्या समोर आमच्या सह्या केल्या :

१. शेजारचा चष्मेवाला. (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, हे बाईंनी सही झाल्यावर सांगितले.)
२. समोरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई. बाईंचे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे.